गाण्यातला घोडा आणि बाजारातले तट्टू : दख्खनी अश्वपैदाशीची मराठवाड्यातून दिसणारी कथा (थ्रेड)

महाराष्ट्राचे राज्यगीत गाताना लाखो कंठ एका जनावराचे नाव घेतात. राजा बढे यांच्या ‘जय जय महाराष्ट्र माझा’ या गीतात भीमथडीच्या तट्टांचा उल्लेख आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये शासनाने हे गीत राज्यगीत म्हणून स्वीकारले. मात्र हे तट्टू दिसते कसे, असे गाणाऱ्यांना विचारले, तर बहुतेकांच्या डोळ्यांसमोर चौकातल्या पुतळ्याचा उंच, पिळदार, मान वळवलेला घोडा उभा राहील.

खरे भीमथडी तट्टू माणसाच्या छातीएवढे असते. ते आजही रस्त्याने जाते. धनगरांच्या मेंढरांमागे, पाठीवर बाज, भांडीकुंडी, कोंबड्या आणि कोवळी कोकरे लादलेले जे आखूड घोडे चालतात, त्यांच्यापैकीच ते. दीडशे-दोनशे वर्षे या जातीविषयी ‘ती बिघडली’, ‘ती नामशेष झाली’ असे लिहिले गेले. लिहिणाऱ्यांच्या समोरून ती ओझे घेऊन चालत होती.

दख्खनचा घोडा कुठे निपजत होता, तो कोण वाढवीत होते, कोण विकत घेत होते आणि तो कागदांवरून कसा गळाला, हे या थ्रेडमध्ये पाहू. सुरुवात पुण्यापासून नव्हे, नांदेड जिल्ह्यातील एका बाजारापासून करायची आहे. कारण घोड्याचा इतिहास लढायांमध्ये जितका आहे तितकाच बाजारांमध्ये आहे, आणि बाजारांकडे आपले लक्ष सहसा जात नाही.

हा बाजार लोहा तालुक्यातील माळेगावचा. (नाशिक जिल्ह्यातील मालेगावाशी याचा काही संबंध नाही. नावाच्या साम्यामुळे हा घोटाळा वारंवार होतो.) मार्गशीर्ष महिन्याच्या वद्य पक्षाच्या अखेरीस येथे खंडोबाची यात्रा भरते. देवाची पालखी निघते, भंडारा उधळला जातो, वाघ्या-मुरळी येतात, कुस्त्यांचे फड आणि लावण्यांचे कार्यक्रम होतात. मात्र या यात्रेची दूरवरची ओळख जनावरांच्या बाजाराची आहे. येथे घोडे येतात, गाढवे येतात, उंट येतात, बैल येतात. शेजारच्या राज्यांतून आणि थेट उत्तरेकडूनही व्यापारी आपली जनावरे घेऊन उतरतात. निजामी राजवटीतही घोड्यांच्या खरेदीविक्रीसाठी माळेगावचे नाव होते.

येथे व्यवहार कसा होतो, हे पाहण्यासारखे आहे. गिऱ्हाईक प्रथम जनावराचे तोंड उघडून दात पाहते. घोड्याचे पुढचे दुधाचे दात साधारण अडीच वर्षांपासून पडू लागतात आणि पाचव्या वर्षाच्या सुमारास सर्व पक्के दात येतात. त्यामुळे तोपर्यंतचे वय लपविता येत नाही. त्यानंतर खूर, गुडघे आणि चाल पाहिली जाते. मग भोवरे. अंगावरचा केसांचा भोवरा कुठे आहे यावरून घोडे शुभ की अशुभ हे ठरविण्याची रूढी जुनी आहे, आणि उत्तम बांध्याच्या घोड्याची किंमत एका नको त्या जागच्या भोवऱ्यामुळे उतरू शकते. जनावरांच्या बाजारांतील जुनी रीत अशी की, भाव ओठांनी बोलायचा नाही, रुमालाखाली एकमेकांची बोटे धरून ठरवायचा. शेजारी उभ्या असलेल्या तिसऱ्याला काही कळत नाही. इतिहासाच्या अभ्यासकालाही कळत नाही, हा त्यातला दुर्दैवाचा भाग. अशा सौद्यांच्या नोंदी मागे राहत नाहीत.

घोड्यांचा बाजार खंडोबाच्याच दारात का, असा प्रश्न येथे पडावा. खंडोबा हा घोड्यावर बसलेला देव आहे. त्याची एक पत्नी म्हाळसा वाण्याची, तर दुसरी बाणाई धनगराची. ‘येळकोट येळकोट जय मल्हार’ म्हणणाऱ्यांत शेतकरी आहेत, व्यापारी आहेत, तसेच मेंढपाळही आहेत. गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकाने आपले आयुष्य ज्या लोकदेवतांच्या अभ्यासात घालविले, त्यांतील हा एक प्रमुख देव. मेंढपाळ, व्यापारी आणि स्वार जेथे एकत्र येतात तेथे घोड्याचा बाजार उभा राहिला, यात आश्चर्य वाटू नये.

आता थोडे मागे जाऊ.

दक्षिण हिंदुस्थानात घोडा नीट निपजत नाही, असा एक समज मध्ययुगात जगभर पसरला होता. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने पूर्व किनाऱ्यावरील माबार प्रांताविषयी लिहिले की, तेथे होर्मुझ आणि एडनच्या बाजूने जहाजांतून हजारो घोडे येतात, पण ते टिकत नाहीत. नालबंद नाहीत, निगा राखणारे नाहीत, घोड्यांना शिजवलेला भात घातला जातो, आणि चांगल्या घोडीला चांगला घोडा दाखविला तरी पोटी येणारे शिंगरू वाकड्या पायांचे असते. किनाऱ्यावरच्या दमट हवेत खुरांचे आणि पोटाचे विकार वाढतात, हे खरेच आहे. समज चुकला तो किनाऱ्याचा नियम साऱ्या दक्षिणेला लावण्यात.

सह्याद्री ओलांडला की पर्जन्यछायेचा मुलूख लागतो. कोरडी हवा, काळी जमीन, माळावरचे पवना आणि मारवेलसारखे गवत, ज्वारीचा कडबा, हरभरा आणि कुळीथ. यांतील कुळिथाला इंग्रजीत घोड्याच्याच नावाने ओळखतात, हे लक्षात घेण्यासारखे आहे. हा मुलूख घोड्याला मानवणारा होता. भीमेच्या काठची भीमथडी, नीरेच्या काठचा मुलूख आणि गोदावरीची गंगथडी. ‘थडी’ म्हणजे नदीचा काठ. अमुक थडीचे घोडे म्हणजे अमुक पाण्यावर आणि अमुक चाऱ्यावर वाढलेले घोडे, इतका साधा अर्थ या नावांत होता.

पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात अफनासी निकितीन नावाचा एक रशियन व्यापारी चौल बंदरात उतरला. त्याच्याबरोबर विकण्यासाठी आणलेला एकच घोडा होता. जुन्नरला तेथील अधिकाऱ्याने तो काढून घेतला आणि धर्म बदलल्यास परत करीन, असे बजावले. एका खुरासानी सरदाराच्या मध्यस्थीने घोडा परत मिळाला आणि अखेर बहमनींच्या राजधानीत, बिदरला, विकला गेला. निकितीनने बिदरजवळच्या आळंद येथील वार्षिक बाजाराचेही वर्णन केले आहे. हे आळंद आजच्या कलबुर्गी जिल्ह्यात, लातूर आणि धाराशिवच्या सीमेपासून फार दूर नाही. तेथे दहा दिवस बाजार भरतो आणि वीस हजारांपर्यंत घोडे विक्रीला येतात, असे तो सांगतो. आकडा ऐकीव असेल, गोल असेल, तरी बाजार मोठा होता यात शंका नाही.

हाच निकितीन असेही लिहून गेला की, हिंदुस्थानात घोडे निपजत नाहीत.

या विधानाकडे जरा थांबून पाहिले पाहिजे. निकितीन परदेशी घोड्यांचा व्यापारी होता. त्याच्या लेखी घोडा म्हणजे दरबाराला विकता येईल असा उंच अरबी किंवा तुर्की घोडा. कडबा खाऊन वाढलेले, वाण्याचे ओझे वाहणारे, पाटलाला शेजारगावी नेणारे तट्टू त्याच्या हिशेबात ‘घोडा’ नसावे. ही नजर त्याच्यापुरती मर्यादित राहिली नाही. पुढे चारशे वर्षांनी इंग्रज अधिकारी आले तेही हीच नजर घेऊन आले.

परदेशी रक्त आणि देशी रक्त यांची मिसळ मात्र होत राहिली. चौल, दाभोळ, गोवा या बंदरांतून अरबी घोडे घाट चढून वर येत आणि बिदर, अहमदनगर, विजापूर येथे पोहोचत. मूळच्या कणखर, बुटक्या तट्टांवर अरबी रक्ताचा हात फिरत गेला. त्यातून जे घडले ते ना राजेशाही दिमाखाचे होते ना निव्वळ ओझ्याचे. ते कमी खाणारे, खडकाळ वाटेवर न अडखळणारे आणि दिवसभर एका गतीने चालणारे होते.

हे गुण युद्धात किती मोलाचे आहेत, हे मलिक अंबरने ओळखले. मोगलांचे वजनदार घोडदळ सपाटीवर अजिंक्य होते. त्याला समोरून भिडण्याऐवजी अंबरच्या स्वारांनी त्याची रसद तोडली, रात्री छावण्यांवर छापे घातले आणि पाठलाग सुरू होताच डोंगर गाठले. १६२४ ची भातवडीची लढाई ही या पद्धतीची प्रसिद्ध कसोटी. मराठे सरदार या शाळेत तयार झाले.

शिवकाळात या पद्धतीला व्यवस्थेची जोड मिळाली. कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत पागेची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांचा एक हजारी. प्रत्येक पंचवीस घोड्यांमागे पाणी पुरविणारा एक पखालजी आणि एक नालबंद. मार्को पोलोने नालबंद नसल्याची तक्रार नोंदविली होती, हे येथे आठवावे. ज्या राज्यात दर पंचवीस घोड्यांमागे नालबंद नेमलेला आहे, ते राज्य घोड्याला ओळखते.

त्याहून बोलके आहे ते १६७३ चे शिवाजी महाराजांचे पत्र. चिपळूण परिसरात छावणीला असलेल्या लष्कराच्या जुमलेदारांना आणि हवालदारांना ते लिहिले आहे. शेतकऱ्याच्या भाजीच्या देठालाही हात लावू नये, या आज्ञेसाठी ते प्रसिद्ध आहे. पण पत्राचा बराच भाग दाण्याचा, वैरणीचा आणि गवताच्या गंजीचा आहे. आता हाताशी आहे म्हणून दाणा-वैरण उधळाल, तर भर पावसाळ्यात मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल. निष्काळजीपणे ठेवलेल्या दिव्याची वात उंदराने ओढून नेली तर गवताला आग लागेल आणि सारी पागा बुडेल. राज्याची ताकद तलवारीत किती आणि कडब्याच्या गंजीत किती, याचा इतका स्पष्ट हिशेब दुसरीकडे क्वचितच सापडतो.

बारगीर आणि शिलेदार या शब्दांमधला फरक येथे समजून घ्यायला हवा, कारण पुढची कथा त्यावर उभी आहे. बारगिराचा घोडा सरकारचा किंवा सरदाराचा असे. शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यारे घेऊन चाकरीला येई. म्हणजे शिलेदाराच्या बाबतीत घोडा हे घराण्याचे भांडवल होते. लढाईत घोडा पडला तर चाकरी गेली. साहजिकच घरी एखादी चांगली घोडी बाळगणे, तिच्यापासून शिंगरे घेणे, एखादे स्वतःला ठेवून उरलेले विकणे, ही शेतीच्या जोडीची मिळकत होती. दख्खनची अश्वपैदास बहुतांशी अशी घरोघरची होती. मोठ्या सरदारी पागा होत्याच, पण त्यांना घोडे पुरविणारा खालचा थर गावांत होता.

घोडीचा गर्भकाळ अकरा महिन्यांचा. एका वेळी एकच शिंगरू. ते सहा महिन्यांचे होईतो आईजवळ राहते आणि कामाला येईपर्यंत तीन-चार वर्षे लागतात. म्हणजे घोडीला घोडा दाखविल्यापासून पैसा हाती येईपर्यंत चार-पाच वर्षांची चंदी आणि वैरण घरातून खर्चायची. मधे एक दुष्काळ पडला की हिशेब कोसळला. असा व्यवसाय करणारा शेतकरी पाच वर्षांनंतरच्या मागणीवर पैज लावीत असतो. स्वाऱ्या चालू आहेत, शिलेदारी चालू आहे, तोवर ही पैज जिंकण्याची शक्यता असते.

लातूर जिल्ह्याच्या मातीत या घोडदळाचा एक मोठा विजय घडला. १७६० च्या फेब्रुवारीत उदगीर-औसा परिसरात सदाशिवरावभाऊंच्या सैन्याने निजामाच्या फौजेला वेढून जेरीस आणले. इब्राहिमखान गारद्याच्या तोफांचे श्रेय मोठेच आहे. मात्र चालत्या फौजेला घेरून, तिचा दाणागोटा तोडून तिला थांबविण्याचे काम स्वारांचे होते. तहात सुमारे ६० लाख उत्पन्नाचा मुलूख मिळाला. आणि लगेच मार्च महिन्यात मराठवाड्यातल्याच परतुडाहून, आजच्या परतूरहून, भाऊंची फौज उत्तरेकडे निघाली. उदगीरच्या माळावर धावलेल्या घोड्यांपैकी कित्येक पुढच्या हिवाळ्यात पानिपतच्या कोंडीत दाण्यावाचून मेले. १६७३ च्या पत्रात ज्याची भीती घातली होती तेच, घरापासून शेकडो मैलांवर घडले.

नांदेड शहरात मात्र घोड्याची एक निराळी परंपरा या सर्व उलथापालथींमधून टिकून राहिली. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंग यांचे येथे देहावसान झाले. तख्त सचखंड श्री हजूर साहिब येथे आजही घोडे पाळले जातात आणि ते गुरूंच्या घोड्याच्या वंशातले आहेत, अशी श्रद्धा आहे. दसऱ्याच्या आणि होल्याच्या मिरवणुकीत ते सजवून पुढे चालविले जातात, आणि मानाच्या घोड्यावर कोणी बसत नाही. वंशावळीची शास्त्रीय चिकित्सा हा येथे मुद्दा नाही. तीनशे वर्षे एका संस्थेने घोड्यांचा एक वंश आपला मानून सांभाळावा, हीच गोष्ट दुर्मिळ आहे. लढाईची गरज संपली, तरी ज्या घोड्याला धर्मात जागा मिळाली तो टिकला.

१८१८ नंतर बाकीच्यांच्या पायाखालची जमीन सरकली.

पेशवाई संपली आणि हजारो शिलेदार एकाएकी बेकार झाले. इतिहासाच्या पुस्तकांत त्या वर्षी राज्य बुडाल्याचे लिहिलेले असते. भीमेकाठच्या घोडी पाळणाऱ्या घरांत त्या वर्षी गोठ्यात उभी असलेली दोन-तीन वर्षांची शिंगरे बिनगिऱ्हाईक झाली. त्याआधीच १८०३-०४ च्या सुमाराची लढाई, लूट आणि दुष्काळ यांनी या मुलखाचे कंबरडे मोडले होते.

निजामाच्या मुलखात ही पडझड काही काळ लांबली. इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली उभ्या राहिलेल्या, पुढे हैदराबाद कंटिंजंट म्हणून ओळखल्या गेलेल्या फौजेच्या छावण्या हिंगोली आणि मोमिनाबाद, म्हणजे अंबाजोगाई, येथे होत्या. तिचे घोडदळ ‘सिल्लेदारी’ पद्धतीवर चाले. हा शब्द म्हणजे आपला शिलेदारच, इंग्रजी दप्तरात जाऊन किंचित बदललेला. स्वार आपला घोडा स्वतः आणी किंवा त्यापोटी रक्कम भरी. नांदेड, लातूर, बीड या पट्ट्यातल्या घोडी पाळणाऱ्यांसाठी या छावण्या म्हणजे दाराशी आलेले गिऱ्हाईक होते. १९०३ मध्ये कंटिंजंट हिंदी लष्करात विलीन झाली, आणि पहिल्या महायुद्धानंतर सिल्लेदारी पद्धतच बंद पडली. त्या घोडदळाचा वारसा सांगणारी ‘डेक्कन हॉर्स’ ही पलटण भारतीय सैन्यात आजही आहे. ती रणगाड्यांची पलटण आहे.

कंपनी सरकारला घोड्यांची काळजी नव्हती असे नाही. पुणे जिल्ह्यात शिरूरजवळ सरकारी पैदास केंद्र होते. त्या गावाचे नाव आजही आलेगाव पागा असेच आहे. पण सरकारला हवा होता तो तोफ ओढणारा, जड खोगीर आणि गोरा स्वार पेलणारा उंच घोडा. देशी तट्टू या मापात बसत नव्हते. एकोणिसाव्या शतकात ऑस्ट्रेलियातील न्यू साऊथ वेल्समधून जहाजे भरभरून घोडे येऊ लागले आणि त्या प्रांतावरून त्यांना ‘वेलर’ हे नाव पडले. १८७० च्या दशकात जुनी सरकारी पैदास केंद्रे मोडीत निघाली आणि नवे खाते आले. त्याचे प्रमुख हॅलन हे पशुवैद्य पुण्यात काम केलेले होते. धोरण असे ठरले की, सरकारने विलायती आणि अरबी नर ठेवावेत आणि शेतकऱ्यांनी आपल्या घोड्या त्यांच्याकडे आणाव्यात. इंग्लंडातील नॉरफोक ट्रॉटर जातीचे नरही या कामासाठी आणले गेले. हेतू उंची वाढविण्याचा होता. देशी घोडी हा कच्चा माल, देशी नर हा अडथळा. या विचारात भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून जपणूक होणे शक्यच नव्हते.

येथे एक दूरची तुलना करण्याजोगी आहे. वेल्सच्या डोंगरांतही अशीच लहान तट्टे होती. सोळाव्या शतकात आठव्या हेन्रीच्या राजवटीत ठराविक उंचीहून लहान नर सार्वजनिक कुरणांवर सोडण्यास कायद्याने बंदी आली. राजाला चिलखती स्वार पेलणारे मोठे घोडे हवे होते. वेल्सची तट्टे दुर्गम डोंगरांत असल्यामुळे वाचली. पुढे त्यांत अरबी रक्त मिसळले, आणि थोराड ‘कॉब’ प्रकारात तर नॉरफोक ट्रॉटरचेही. येथवर गोष्ट आपल्यासारखीच आहे. फरक पडला तो १९०१ मध्ये. त्या वर्षी वेल्श पोनी अँड कॉब सोसायटी स्थापन झाली आणि पुढच्या वर्षी वंशावळीचे पहिले पुस्तक निघाले. अमुक घोडीला अमुक नरापासून अमुक शिंगरू झाले, याची छापील नोंद सुरू झाली. डोंगरातल्या शेतकऱ्याच्या घराण्याचे नाव त्याच्या घोड्याच्या नावाला जोडले जाऊ लागले. त्या नोंदीच्या बळावर ती तट्टे जगभर विकली गेली आणि आजही विकली जातात.

त्याच वर्षांत दख्खनचा घोडेवाला आपल्या घोडीच्या चार पिढ्या तोंडपाठ सांगत असणार. ते ऐकून लिहून घेणारे कोणी नव्हते. त्याच्या घोडीला ‘कंट्री-ब्रेड’ म्हणत, म्हणजे ‘देशी पैदास’. मारवाडच्या घोडीलाही तेच आणि भीमेकाठच्या घोडीलाही तेच. एकदा नाव गेले की जात संपल्याचे जाहीर करणे सोपे जाते.

मग ती टिकली कशी? लष्कराला नको होती म्हणून टिकली, असे म्हणावे लागते. धनगरांना उंच घोडा नको होता. त्यांना हवे होते ते डोक्याइतक्या उंचीवर ओझे न चढवावे लागणारे, रानातल्या चाऱ्यावर भागणारे, मेंढरांच्या गतीने चालणारे, कुत्र्यांना आणि वाहनांना न बुजणारे जनावर. या कसोटीवर त्यांनी पिढ्यानपिढ्या निवड केली. सरकारी विलायती नरांकडे आपली घोडी नेण्याचे त्यांना कारण नव्हते, आणि दर वर्षी शेकडो किलोमीटर फिरणाऱ्या वाड्याला ते जमणारेही नव्हते. शिलेदाराच्या घोड्याचे रक्त खोगिराऐवजी ओझ्याखाली राहिले, इतकेच.

२०२४ मध्ये कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने भीमथडी घोड्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. त्यामागे बारामती परिसरातील अश्वप्रेमींचा आणि अश्व संशोधन क्षेत्रातील शास्त्रज्ञांचा पाठपुरावा होता. मारवाडी, काठियावाडी, मणिपुरी, झंस्कारी अशा मोजक्या नोंदणीकृत भारतीय जातींच्या यादीत महाराष्ट्राचा घोडा प्रथमच आला. राज्यगीतात नाव आल्याला तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते.

वेळ मात्र अडचणीची आहे. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशभरातील घोडे आणि तट्टे मिळून संख्या सुमारे ३ लाख ४० हजार होती. २०१२ च्या तुलनेत ही घट सुमारे ४५ टक्क्यांची. टांगे गेले, ओझी वाहनांवर गेली, धनगरांचे काही वाडेही आता सामान टेम्पोतून नेतात. कुरणे आक्रसली.

मराठवाड्याच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. भीमथडीचा नोंदलेला मूळ प्रदेश पुणे, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर या बाजूचा आहे. गोदावरी आणि मांजरा खोऱ्यातील तट्टे त्या वर्णनात येत नाहीत. जनावरांच्या जाती ओळखण्यात आणि जपण्यात हा प्रदेश मागे नाही. कंधारच्या नावाची लाल कंधारी आणि लातूर जिल्ह्यातल्या देवणीच्या नावाची देवणी, या दोन्ही गोवंशांची नोंद आहे, त्यांची प्रदर्शने भरतात, वळू निवडले जातात, बक्षिसे दिली जातात. माळेगावच्या यात्रेत लाल कंधारीच्या दावणीपुढे माणसे थांबून जातिवंतपणाची चर्चा करतात. त्याच बाजारात थोड्या अंतरावर बांधलेल्या बुटक्या तट्टाला विचारले, तर ‘गावरान’ एवढेच उत्तर मिळते.

त्या बाजारात आज भाव खातो तो मारवाडी आणि काठियावाडी घोडा. कान आत वळलेले, पाय लांब, रंग अबलख किंवा शुभ्र. गिऱ्हाईक लग्नाच्या वरातीचे, नाचवायच्या घोड्यांचे, हौशी शेतकऱ्यांचे. हौस वाईट नव्हे. हौशीमुळेच अनेक जाती जगभर वाचल्या आहेत, आणि वेल्सच्या तट्टांचे आजचे गिऱ्हाईकही मुलांना घोडेस्वारी शिकविणारे आईबापच आहेत. पण देशी तट्टाची घोडी उंच नराला दाखवून ‘सुधारलेले’ शिंगरू काढण्याचा मोह यातून वाढतो. १८७० च्या दशकात सरकारने जे केले ते आता बाजार करतो आहे.

जातीची नोंद करायची तर प्रदेश, संख्या, उंची, छातीचा घेर, डोक्याची ठेवण, रंग, चाल, पाळणाऱ्यांची पद्धत, असे सारे शेकडो जनावरांवर मोजून मांडावे लागते. त्यासाठी ही जनावरे आणि त्यांच्या पिढ्या सांगू शकणारी माणसे एकत्र सापडावी लागतात. एरवी ती नांदेड, लातूर, परभणी, हिंगोलीच्या माळांवर पांगलेली असतात. मार्गशीर्षातले ते चार-पाच दिवस मात्र त्यांच्यापैकी बरीचशी माळेगावच्या माळावर एका रांगेत बांधलेली असतात.